मोजपट्टीने लढाई खरी होत नाही

टेबलावर लढाया खेळणाऱ्यांच्या जगात एक मत इतकं रुळलं आहे की ते निव्वळ मत आहे हेच लोक विसरले आहेत. मत असं, की मोकळ्या टेबलावर, हातात टेप घेऊन, इंच इंच मोजत आणि जाडजूड नियमपुस्तिका चाळत जो खेळला जातो तोच खरा वॉरगेम. पट आखून, त्याला सारखी घरं पाडून, एका घरात एक पलटण उभी करून जो खेळला जातो तो पोरखेळ. बुद्धिबळाच्या पटावर रंगवलेले शिपाई ठेवले, एवढीच त्याची किंमत. नवख्याने चार दिवस हा खेळ खेळावा आणि मग मोठ्या खेळाकडे वळावं, असा सल्लाही सोबत मिळतो.

हा सल्ला मला मान्य नाही. साधा पट ही मोठ्या खेळाची पायरी आहे, हे गृहीतकच चुकलेलं आहे. लढाईत सेनापतीला जे ठरवावं लागतं ते या पटावर मोकळ्या टेबलापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. मी तो खेळतो, इतरांना शिकवतो आणि त्याला कमी लेखलेलं मला सहन होत नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पंधरा ते अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे धातूचे किंवा प्लास्टिकचे सैनिक हाताने रंगवायचे, टेबलावर टेकड्या, नद्या, गावं मांडायची आणि फासे टाकून एखादी खरी किंवा काल्पनिक लढाई खेळायची, असा हा छंद. इंग्लंड-अमेरिकेत तो मोठा आहे, आपल्याकडे अजून थोडक्यांचा. टेपवाल्या प्रकारात पायदळ सहा इंच चालतं, घोडदळ बारा इंच, आणि प्रत्येक गोळीचा पल्ला मोजावा लागतो. पटाच्या प्रकारात पायदळ एक घर जातं, घोडदळ दोन. शेजारच्या घरातला शत्रू टप्प्यात असतो, चार घरं पलीकडचा नसतो.

टेपवाल्यांचा मुख्य दावा खरेपणाचा आहे, तेव्हा आधी तोच तपासू. सैनिकाची मूर्ती 28 मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्शाची. याच मापाने नेपोलियनच्या काळातल्या बंदुकीचा 100 मीटरचा पल्ला टेबलावर मांडला तर तो साडेपाच फुटांच्या आसपास जातो. टेबल स्वतःच चार फूट रुंद असतं. तोफेच्या पल्ल्याला तर दिवाणखानाही पुरणार नाही. म्हणून टेपवाले खेळ पल्ले गुपचूप कमी करतात. वॉरहॅमर 40,000 या जगप्रसिद्ध खेळात साध्या सैनिकाच्या बंदुकीचा पल्ला 24 इंच आहे. मूर्तीच्या मापाने तो 37 मीटर भरतो, आणि एवढ्या अंतरावरच्या माणसाशी हाक मारून बोलता येतं. खेळ चालावा म्हणून ही काटछाट करावीच लागते आणि ती केल्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग आमचं ते अमूर्त आणि तुमचं ते वास्तव, ही भाषा बंद झाली पाहिजे. काटछाट दोन्हीकडे आहे. पट ती उघड करतो, टेप तिला अचूकपणाचा मुलामा देते.

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बुरुजाच्या उंचीचा मावळा, महादरवाजातून आत जाऊ न शकणारा घोडा, अळीव पेरून उगवलेलं रान. मापाच्या दृष्टीने त्यात काहीच जुळत नाही. तरी तो किल्ला खोटा आहे असं कुणी म्हणत नाही, कारण वाट कुठून चढते, माची कुठे आहे, तोफ कोणत्या बाजूला रोखली आहे, हे त्यातून बरोबर कळतं. मापं सोडली तरी जागांचे एकमेकींशी असलेले संबंध सांभाळले, की समज तयार होते. घरांचा पट हेच करतो.

टेपने आणखी एक गोष्ट येते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोकळ्या टेबलावरचा कुठलाही डाव जवळ उभं राहून पाहा. दोन शहाणी, वयाने मोठी माणसं टेबलावर ओणवी होऊन अर्ध्या इंचासाठी वाद घालत असतात. मूर्तीखालच्या तळपट्टीच्या कोपऱ्यापासून मोजायचं की मध्यापासून? टेप सरळ धरली होती का? मूर्तीला धक्का लागला, ती आधी कुठे होती? हल्ला पोचला की अर्धा इंच कमी पडला, यावर अख्ख्या डावाचा निकाल लागतो, आणि तो निर्णय ना सेनापतीचा असतो ना नशिबाचा. तो टेप धरणाऱ्या हाताचा असतो. पटावर हा वाद उद्भवतच नाही. पलटण या घरात आहे किंवा त्या घरात. वाचलेला सगळा वेळ आणि सगळं डोकं एकाच प्रश्नाला मिळतं, तो म्हणजे आता काय करायचं?

हे कसं घडतं ते एका लढाईवर दाखवतो. 23 सप्टेंबर 1803. आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. खेळणा आणि जुई या दोन नद्या इथे एकमेकींजवळ येत पूर्वेकडे जातात आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी राहते. खेळण्याच्या उत्तर काठाला शिंदे-भोसल्यांची फौज दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज कितीतरी लहान. त्याने पूर्वेला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि तर्क केला की इथे उतार असणारच. उतार निघाला. तिथून नदी पार करून तो मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर गेला. पण पोलमानच्या पलटणींनी तोफांसकट आपली फळी वळवली आणि पूर्वेकडे तोंड केलं. युरोपातल्या कुठल्याही सैन्याला अभिमान वाटावा अशी ती हालचाल होती. पुढे जे झालं त्यात वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली आणि जखमी झाली.

मी ही लढाई आठ बाय आठच्या पटावर मांडतो. वर जुई, खाली खेळणा, आणि पूर्वेच्या टोकाला त्यांच्यामध्ये तीनच घरांची रुंदी. खेळण्यावर उताराचं एकच घर, त्यातून एका चालीत एकच पलटण पार होते. मराठी पलटणींची तोंडं दक्षिणेला. पलटण वळवायची तर तिची त्या खेपेची चाल खर्ची पडते. एवढ्या दोन-तीन नियमांत लढाईचा गाभा उभा राहतो. इंग्रजांच्या बाजूने खेळणारा मोजत असतो की किती पलटणी पलीकडे उतरल्या. मराठ्यांच्या बाजूने खेळणारा मोजत असतो की किती वळल्या. सगळी फौज उतरेपर्यंत थांबावं, तर समोरची फळी पुरी होते. निम्म्यानिशी हल्ला करावा, तर मागून मदत नाही. पट्टी तीन घरांची असल्यामुळे मराठ्यांची संख्या जास्त असूनही ती एकदम वापरता येत नाही, हे खेळणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो स्वतःच मागच्या पलटणींकडे हताशपणे पाहत बसतो.

आणि असई गावाचं घर. वेलस्लीच्या उजव्या टोकाच्या तुकड्या ठरल्यापेक्षा जास्त उजवीकडे, गावाच्या दिशेने भरकटल्या. त्यांच्यामागून 74 वी हायलँडर पलटणही गेली, आणि गावातल्या तोफा-बंदुकांनी तिची चाळण केली. पटावर ही चूक एका घराची असते. उजवीकडची पलटण एक घर वर सरकवली की ती गावाच्या आणि शेजारच्या तोफेच्या, अशा दोन्ही माऱ्यांत सापडते. मोकळ्या टेबलावर हाच प्रसंग मांडला तर चर्चा सुरू होते की पलटण किती अंशांनी वळली आणि तिचा डावा कोपरा तोफेच्या कमानीत येतो का. यातल्या कुठल्या खेळाने असईबद्दल जास्त शिकवलं, हे मी वाचकावर सोपवायला तयार आहे.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासाचा आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ते म्हणतात, वॉरगेमचा विकासच घरांकडून मोकळ्या नकाशाकडे झाला. हे खरं आहे. 1780 मध्ये ब्राउन्श्वाइगच्या योहान हेलविगने बुद्धिबळाचाच विस्तार करून युद्धाचा पट बनवला. त्याला 1,617 घरं होती, डोंगर, दलदल, पाणी वेगवेगळ्या रंगांत. म्हणजे भारतातल्या चतुरंगापासून निघालेली पटाची परंपरा फिरत फिरत तिथवर पोचली होती. मग प्रशियात रायस्वित्झ बाप-लेक आले आणि 1824 मध्ये मुलाने 1:8000 मापाच्या नकाशावर, घरांशिवाय खेळायचे नियम छापले. प्रशियाच्या सैन्याने ते उचलले. त्यामुळे घरं म्हणजे मागासलेपण, असा निष्कर्ष काढला जातो.

पण घरं काढून टाकल्यावर त्यांच्या जागी काय आणावं लागलं ते पाहा. प्रशिक्षित पंच आणावा लागला. तो अंतरं मोजणार, कोष्टकं उलगडणार, कुणाला काय दिसतं ते ठरवणार. खेळ इतका जड झाला की अधिकारी कंटाळू लागले, आणि 1876 मध्ये व्हर्डी द्यू व्हर्न्वा या प्रशियाच्याच सेनाधिकाऱ्याने सांगितलं की कोष्टकं आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळा. म्हणजे ज्यांनी बारकाव्यांचा डोंगर रचला त्यांनीच पन्नास-एक वर्षांत तो उतरवला. आपल्या घरी जेवणाच्या टेबलाशी असा पंच बसलेला नसतो. दोन खेळाडू असतात आणि पट असतो. काय टप्प्यात आहे, कोण कुणाच्या शेजारी आहे, कुठे जाता येतं, हे सगळे निवाडे घरांच्या रेघा आधीच करून ठेवतात. पंचाचं काम पटच करतो, आणि कुणाची बाजू न घेता करतो.

पोरखेळ म्हणणाऱ्यांनी लिव्हरपूलची डर्बी हाऊस ही इमारत लक्षात ठेवावी. जानेवारी 1942 मध्ये तिथे वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट सुरू झालं. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावं लागलेला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स त्याचा प्रमुख, आणि त्याच्या हाताखाली महिला नौदलातल्या तरुणी. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजांचे तांडे बुडवत होत्या आणि त्या हे नेमकं कसं करतात ते कुणाला उमगत नव्हतं. या लोकांनी खोलीच्या फरशीवर चौकोन आखले, त्यावर लाकडी जहाजं ठेवली आणि खडूने मार्ग काढायला सुरुवात केली. रक्षक जहाजांचे खेळाडू पडद्यामागून फटीतूनच बघायचे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढायचे, तो त्यांना तिथून दिसत नसे. या फरशीवर हलवता हलवता लक्षात आलं की पाणबुडी बाहेरून मारा करत नाही. ती रात्री पाण्यावर येऊन मागच्या बाजूने तांड्याच्या आत शिरते. त्यावरून रक्षक जहाजांसाठी 'रास्पबेरी' नावाचा डावपेच बनला. पाणबुडीदलात नाव कमावलेला अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः पाणबुडी घेऊन खेळला आणि जॅनेट ओकेल या तरुणीने त्याला पुनःपुन्हा हरवलं. पुढे हजारो अधिकारी त्या फरशीवर शिकून समुद्रावर गेले. लाटा नाहीत, इंजिनाचे बारकावे नाहीत, टॉर्पेडोच्या स्फोटकांची कोष्टकं नाहीत. आखलेली फरशी, लाकडी खेळणी आणि कुणाला काय दिसतं याचा कडक नियम. माणसांचे जीव त्यातून वाचले.

विद्वत्तेचा दाखला हवा असेल तर तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक असलेल्या फिलिप सेबिन यांचं 2007 चं 'लॉस्ट बॅटल्स' आहे. प्राचीन ग्रीक-रोमन जगातल्या 35 लढाया कशा झाल्या असतील हे तपासायला त्यांनी रणांगणाचे वीस भाग पाडले, पाच रुंद आणि चार खोल. कॅनीची लढाई वीस घरांत! बारीक तपशील विश्वासार्ह नसतात म्हणून भरड घरं घ्या, ही त्यांची भूमिका मला इतिहासकाराच्या प्रामाणिकपणाची वाटते. ग्रंथकारांनी दिलेल्या तुटपुंज्या माहितीतून पलटणीची जागा इंचापर्यंत ठरवणं हे धाडस आहे, ज्ञान नाही.

मूर्ती आणि घरं एकत्र आणण्याची परंपराही आजकालची नाही. 1962 मध्ये वॉरगेमवर पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकेच्या जोसेफ मॉर्शाउझरने चौकोनी घरांवर मूर्तींनी खेळायचे सोपे नियम दिले. त्याच धाग्यावर बॉब कॉर्डरी यांनी 2017 मध्ये 'पोर्टेबल वॉरगेम' लिहिलं, ज्याला बुद्धिबळाच्या पटाएवढी जागा पुरते. रिचर्ड बोर्गचा 'मेमॉयर 44' नॉर्मंडीवरच्या चढाईला 60 वर्षं झाली त्या 2004 मध्ये आला. त्याचा पट षट्कोनी घरांचा. पायदळाच्या पलटणीत चार सैनिक. शेजारच्या घरावर तीन फासे, दोन घरांवर दोन, तीन घरांवर एक. फाशावर झेंडा आला की शत्रूने एक घर मागे हटायचं. कुठल्या आघाडीला हुकूम देता येईल ते हातातले पत्ते ठरवतात. यावर हमखास आक्षेप येतो की माझी डावी आघाडी मला हलवता का येऊ नये? कारण लढाईत हुकूम पोचत नाहीत, उशिरा पोचतात, चुकीचे समजले जातात. असईत उजव्या टोकाच्या तुकड्यांचं काय झालं ते वर आलंच आहे. ज्या खेळात प्रत्येक शिपाई दर चालीला सेनापतीच्या मनाप्रमाणे सहा इंच चालतो, तो खेळ वास्तवापासून लांब आहे.

मग बुद्धिबळच का नाही? बुद्धिबळ महान आहे. पण तिथे जमीन सपाट आहे, घेतलेला मोहरा हमखास मरतो आणि काहीही लपलेलं नाही. लढाईत टेकडी असते, उतार असतो, हल्ला फसतो, पलटण मरण्याआधी कच खाते. हे आणण्यासाठी फासा आणि भूभाग लागतात, आणि तेवढं पुरे होतं.

आणि पट इतका साधा आहे तर मूर्ती कशाला, पुठ्ठ्याच्या सोंगट्या ठेवा, असं दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात. सोंगटीवर आकडे छापावे लागतात आणि खेळणारा आकडे वाचतो. मूर्ती नजरेला थेट सांगते की हे घोडेस्वार, हे गोलंदाज, हे भाला घेतलेले. नियम कमी असले की जास्त काम डोळ्यांवर येतं, आणि ते काम मूर्तीच करू शकते. शिवाय त्या मूर्ती मी रंगवलेल्या असतात. बारीक कुंचल्याने पागोट्याची कड काढताना, पट्ट्याला पांढरा रंग देताना ती पलटण कोणाची, कुठून आली, कोणत्या कापडाचा अंगरखा घालायची, हे शोधावं लागतं. मोठ्या खेळांना दीड-दोनशे मूर्ती लागतात आणि बहुतेकांच्या फौजा अर्धवट रंगवलेल्या, खोक्यात पडून राहतात. पटाला एका पलटणीला चार मूर्ती पुरतात. फौज पुरी होते, आणि पुरी झालेली फौज खेळात उतरते. मुंबई-पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात सहा बाय चारचं टेबल कायमचं मांडून ठेवणं कुणाला परवडतं? पट रात्री गुंडाळून कपाटावर ठेवता येतो आणि ऑफिसातून आल्यावर झोपण्याआधी एक डाव संपतो. या सोयीला काही लोक कमीपणा मानतात. जो खेळ खेळलाच जात नाही त्याच्या वास्तवतेचं करायचं काय?

पटाच्या मर्यादा आहेत. चौकोनी घरांत तिरकं जाणं सरळ जाण्यापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त लांब पडतं. म्हणून कुणी तिरकी चाल बंद ठेवतात, कुणी षट्कोन वापरतात, कुणी विटांसारख्या ओळी अर्ध्या घराने सरकवतात. तिन्ही उपाय चालतात, मला विटांचा आवडतो. एका वाड्यातल्या दहा माणसांची झटापट किंवा शिडाच्या जहाजांची वाऱ्याच्या कोनावरची लढत खेळायची असेल तर मोकळं टेबलच घ्यावं, तिथे कोन आणि पावलं हाच विषय आहे.

एक गंभीर आक्षेप राहतो, की असल्या साधेपणात मरण अदृश्य होतं, लढाई गोंडस दिसते. पण चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिल्याने किंवा काडतुसांची नोंद ठेवल्याने रक्त दिसतं का? मला तर उलट वाटतं. हत्यारांच्या आकड्यांत बुडालेल्या खेळात युद्ध हा यंत्रांचा विषय होऊन बसतो. पटावर मी 74 वी पलटण एक घर गावाकडे सरकवतो, फासे पडतात, चारही मूर्ती उचलाव्या लागतात, आणि हा निर्णय माझा होता हे मला टाळता येत नाही. नियमांच्या आडोशाला लपायला तिथे जागाच नाही.

म्हणून पोरखेळ म्हणणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे. बुद्धिबळाचा पट घ्या, निळ्या कागदाच्या पट्ट्यांनी दोन नद्या मांडा, एक उतार ठेवा, एक गाव ठेवा, आणि दोन्ही बाजूंना मिळतील त्या मूर्ती उभ्या करा. दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळा. त्यानंतरही तुमचं मत कायम राहिलं तर ते जरूर मांडा, मी वाद घालायला तयार आहे. त्याआधी मांडलेल्या मताला मी उत्तर देणार नाही.